जिभेला हाड नसते : झोपेतला श्वासरोध आणि चेता-उत्तेजक यंत्रे

जिभेला हाड नसते, ही म्हण तोंडाला येईल ते बोलणाऱ्याला उद्देशून आहे. पण शरीररचनेचे विधान म्हणूनही ती तंतोतंत खरी आहे. जीभ म्हणजे एकमेकांत विणलेल्या स्नायूंच्या आठ जोड्यांचा गोळा. हाताच्या किंवा मांडीच्या स्नायूंना आतून हाडाचा खांब असतो, तसा जिभेला नाही. पुढे ती खालच्या जबड्याला बांधलेली असते आणि खाली गळ्यातल्या नालाच्या आकाराच्या एका लहान हाडाला. हे हाडही दुसऱ्या कोणत्या हाडाला जोडलेले नसते, स्नायू आणि बंधांवर टांगलेले असते. जिभेच्या मागची घशाची पोकळी तशीच मऊ. नाकाला हाडाच्या आणि कूर्चेच्या भिंती असतात, श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात. मधल्या या टप्प्याला पुढून आणि बाजूंनी फक्त मांसाचा आधार. गिळताना ही वाट मिटली पाहिजे, बोलताना हवा तो आकार घेतला पाहिजे आणि श्वास घेताना उघडी राहिली पाहिजे. मिटण्यासाठी जो मऊपणा लागतो, तोच श्वास आत ओढताना धोक्याचा ठरतो. त्या क्षणी पोकळीतला दाब उतरतो आणि भिंती आतल्या बाजूला खेचल्या जातात.

जागेपणी हे संकट जाणवत नाही, याचे मोठे श्रेय एका स्नायूला आहे. हनुवटीच्या आतल्या बाजूपासून निघून पंख्यासारखा पसरत तो जिभेत शिरतो. वैद्यकात त्याला जिनिओग्लॉसस म्हणतात. तो आकसला की जिभेचे मूळ पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. छातीचा पडदा खाली उतरण्याच्या किंचित आधी मेंदू या स्नायूला आज्ञा देतो. आधी दार उघडायचे, मग हवा ओढायची, असा हा क्रम असतो. झोप लागली की ही आज्ञा मंदावते, आणि स्वप्नांच्या झोपेत ती सर्वांत क्षीण होते. घसा मुळात ऐसपैस असेल तर काही बिघडत नाही. तो अरुंद असेल, म्हणजे जबडा लहान व मागे सरलेला, टॉन्सिल मोठे, जिभेत आणि मानेत चरबी साठलेली, तर उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, मऊ टाळू तिच्यावर टेकतो आणि वाट बंद होते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, हृदयावर ताण येतो आणि अखेर मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो. जीभ पुढे येते, मोठा फुत्कार होतो, श्वास सुरू होतो. माणूस पुन्हा झोपतो आणि पुन्हा तेच घडते. यालाच अवरोधी स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजतात. श्वास पूर्ण न थांबता बराच उथळ झाला आणि त्यासोबत प्राणवायू उतरला किंवा झोप चाळवली, तर तोही मोजतात. झोपेच्या दर तासाला असे किती अडथळे, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. प्रौढांत पाचपर्यंत सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र. एएचआय तीस असलेला माणूस सात तास झोपला तर त्या रात्री त्याचा श्वास दोनशेहून अधिक वेळा अडलेला असतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्या माणसाला. म्हणूनच या विकाराची पहिली साक्ष बहुतेक वेळा रुग्णाची नसते, त्याच्या बायकोची असते. मोठ्या आवाजातले घोरणे, मध्येच अस्वस्थ करणारी शांतता, मग गुदमरल्यासारखा उसासा, असा क्रम ती बरोबर सांगते. घरात मात्र घोरण्याचा अर्थ अजून गाढ झोप असाच लावला जातो. घोरणारा प्रत्येक जण अ‍ॅप्नियाचा रुग्ण नसतो; पण दिवसा बसल्या जागी डोळा लागणे, सकाळी डोके जड होणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे आणि औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे ही लक्षणे घोरण्याच्या जोडीला असतील, तर त्या आवाजाकडे आजार म्हणूनच पाहायला हवे.

बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला या विकाराची एक बाजू, म्हणजे गाडी चालवताना येणारी झोप, विशेष लागू पडते. शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीत मोडणारे हे गाव आज अवजड वाहनांचे गाव आहे. कोलार आणि चेन्नईकडे जाणारा जुना मद्रास रस्ता येथून जातो. १९९८ पासून व्होल्वोचे ट्रक येथे बांधले जातात आणि २००१ नंतर त्याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बसही येथूनच रस्त्यावर आल्या. पुणे-मुंबईच्या प्रवाशांच्या तोंडी ‘व्होल्वो’ हे रात्रीच्या आरामबसचे सामान्यनाम होऊन बसले, त्या गाड्यांचे हे माहेर. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्गाची सुरुवातही होसकोट्यालाच होते. असा रस्ता सरळ, आखीव आणि एकसुरी असतो. सिग्नल नाही, वस्ती नाही, आडवे येणारे जनावर नाही. ज्याची झोप दर दोन मिनिटांनी मोडलेली आहे अशा चालकाला जागे ठेवणारे त्या रस्त्यावर फारसे काही उरत नाही. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या चालकांना अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहण्यांत दिसले आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्पायटन डायव्हिल येथे वळणावर आगगाडी रुळांवरून घसरून चार माणसे गेली. तपासात गाडीच्या चालकाला निदान न झालेला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असल्याचे आढळले. ब्रिटनमध्ये या विकारामुळे दिवसा झोप येत असेल तर परवाना देणाऱ्या खात्याला तसे कळवणे चालकावर बंधनकारक आहे.

भारतात हा विकार किती आहे, याच्या पहिल्या काही भक्कम उत्तरांपैकी एक मुंबईतून आले. हिंदुजा रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. हे पुरुष झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आले होते. ६५८ जणांना प्रश्नावली दिली गेली आणि २५० जणांच्या घरी रात्रीची तपासणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की १९.५ टक्के पुरुषांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड होता आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही होती. पाश्चात्त्य देशांपेक्षा येथे हा त्रास कमी असेल, असा समज तोपर्यंत होता. तो या आकड्यांनी मोडला. पाहणी फक्त पुरुषांची आणि एका सुस्थित शहरी वर्गाची होती, ही तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी देशातील अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला. त्यानुसार कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना अवरोधी स्लीप अ‍ॅप्निया आहे आणि त्यांपैकी ४ कोटी ७० लाखांना तो मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आहे. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हा शब्द आला तो मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि मृत्यूच्या कारणांत रुग्णालयाने त्याचे नाव घेतले तेव्हा.

उपचारांचा इतिहास लहान आहे. १९६० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांनी रात्रभर मेंदूलहरी आणि श्वास यांची एकत्र नोंद घेतली, तेव्हा हा बिघाड पहिल्यांदा कागदावर उमटला. त्या काळी खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. अडथळा जिथे होतो ती जागाच वगळली जात असल्याने गुण हमखास येई, पण त्यासाठी माणसाला गळ्यातली नळी घेऊन जगावे लागे. १९८१ साली दोन नवे मार्ग एकदमच पुढे आले. एक शस्त्रक्रियेचा : मऊ टाळूचा काही भाग आणि पडजीभ कापून वाट रुंद करायची. दुसरा सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांचा : नाकावर मास्क लावून पंपाने अखंड हवेचा दाब द्यायचा, म्हणजे घसा आतून फुगलेला राहतो आणि मिटत नाही. त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हेच आजचे सीपॅप. टाळूच्या शस्त्रक्रियेचा गुण बेभरवशाचा निघाला. सीपॅप पहिल्या रात्रीपासून काम करते, आणि आजही जगभर, भारतातही, पहिला उपचार तोच आहे.

सीपॅपची अडचण यंत्रात नाही, ते रोज रात्री वापरण्यात आहे. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते, कोंडल्यासारखे वाटते, हवेच्या आवाजाने शेजारच्याची झोप मोडते. गावोगावी रात्री वीज जाते तेव्हा पंप बंद पडतो आणि बॅटरीचा खर्च वेगळा सोसावा लागतो. रात्री किमान चार तास वापर, हा ढिला निकष धरला तरी वेगवेगळ्या अभ्यासांत ४६ ते ८३ टक्के रुग्ण त्यात बसले नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत २,७१७ रुग्ण होते, भारतातलेही काही. सीपॅपने त्यांचे हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. मात्र त्यांचा सरासरी वापर रात्रीला जेमतेम ३.३ तास होता. उरलेली निम्मी रात्र घसा मिटतच होता. या निकालावरून सीपॅप निरुपयोगी ठरवणे चूक आहे. तो निकाल सांगतो ते एवढेच, की उशाशी बंद पडून राहिलेल्या यंत्राचा हृदयाला उपयोग नाही. ज्यांना ते मनापासून प्रयत्न करूनही झेपत नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

तो मार्ग जिभेच्या स्नायूकडूनच निघाला. १९७८ मध्ये जॉन रेमर्स आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या जिनिओग्लॉससची विद्युत नोंद घेतली आणि घसा मिटतो त्या वेळी हा स्नायू सुस्तावलेला असतो, श्वास परत येतो त्या वेळी तो जोराने जागा होतो, हे दाखवले. मग प्रश्न सरळ होता : मेंदू झोपेत जी आज्ञा कमी देतो, ती बाहेरून दिली तर? १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी हनुवटीखाली त्वचेवरून विजेचे झटके देऊन पाहिले. त्वचेवरून दिलेली वीज मात्र बोथट असते. स्नायूपर्यंत पोहोचेल इतकी वाढवली की माणूस जागा होतो, आणि ज्या उपचाराने झोप मोडते तो येथे कामाचा नाही. म्हणून वीज स्नायूऐवजी त्याच्या चेतेला, म्हणजे मज्जातंतूला द्यायची, आणि त्यासाठी यंत्र शरीरातच बसवायचे, असा विचार पक्का झाला. हृदयाच्या पेसमेकरने ती वाट आधीच घालून दिली होती. मेडट्रॉनिक या पेसमेकर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या यंत्रासह जॉन्स हॉपकिन्सचे अ‍ॅलन श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांवर केलेला पहिला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास सुधारला, झोप मोडली नाही. पण तारा तुटण्यासारखे तांत्रिक बिघाड फार झाले. कल्पना बरोबर होती, कारागिरी कमी पडत होती. २००७ मध्ये मेडट्रॉनिकमधून इन्स्पायर ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि काम पुढे सुरू राहिले.

जिभेला हलवणारी चेता म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांतली शेवटची, हायपोग्लॉसल. कानाच्या खालून गळ्यात उतरून ती जबड्याखालून पुढे वळते आणि जिभेत शिरण्याआधी फुटत जाते. शल्यचिकित्सकाचे सारे कौशल्य या फाटाफुटीपाशी पणाला लागते. काही फांद्या जिभेला पुढे काढणाऱ्या स्नायूंकडे जातात, काही तिला मागे ओढणाऱ्या स्नायूंकडे. सगळ्यांना एकदम वीज दिली तर ओढाताण होऊन जीभ जागच्या जागी ताठ होईल, वाट उघडणार नाही. म्हणून मागे ओढणाऱ्या फांद्या ओळखून वगळायच्या आणि पुढे काढणाऱ्या फांद्यांभोवतीच इलेक्ट्रोडची लवचीक पट्टी गुंडाळायची. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी एकेका फांदीला बारीक विद्युतस्पर्श करून कोणता स्नायू थरथरतो ते नोंदवतात. जबड्याखालच्या या छेदातून निघालेली तार त्वचेखालून छातीपर्यंत नेतात. तेथे, बहुधा उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी बॅटरीची डबी बसवतात. डावी बाजू हृदयाच्या पेसमेकरसाठी राखलेली असते. जुन्या रचनेत बरगड्यांमधल्या स्नायूंत आणखी एक तार असे. ती श्वासासोबत बदलणारा दाब ओळखून डबीला कळवी. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नव्या पिढीत हे काम डबीतलाच संवेदक करतो, त्यामुळे ती तार उरली नाही.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत साधारण महिनाभर यंत्र बंदच ठेवतात. मग डॉक्टर ते सुरू करतात आणि जीभ दातांच्या पुढे सुखाने येईल इतकाच विद्युतदाब ठरवतात. वीज सेकंदाला सुमारे तेहेतीस स्पंदनांच्या बारीक लहरींत जाते. रुग्ण झोपताना रिमोटचे बटण दाबतो. झोप लागेपर्यंत यंत्र गप्प बसते, मग प्रत्येक श्वासासोबत जीभ हळुवार पुढे काढत राहते. सकाळी पुन्हा बटण दाबून ते बंद करायचे. दिवसा बोलण्या-जेवण्यात त्याचा काही संबंध येत नाही. पुढे एक रात्र प्रयोगशाळेत झोपवून, प्राणवायू आणि मेंदूलहरी पाहत, तंत्रज्ञ वीज थोडी-थोडी वाढवत योग्य मात्रा नक्की करतो. हा टप्पा अनेकदा दुर्लक्षित राहतो, आणि बसवलेले पण नीट न जुळवलेले यंत्र उशाशी पडलेल्या सीपॅपइतकेच निकामी असते.

हा उपचार खरेच लागू पडतो का, याचे उत्तर ‘स्टार’ नावाच्या चाचणीने दिले. जानेवारी २०१४ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. सीपॅप न झेपलेल्या १२६ जणांना यंत्र बसवले होते. वर्षभरात एएचआयचा मध्यक २९.३ वरून ९.० वर आला आणि प्राणवायू उतरण्याच्या घटनाही सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणीत यंत्र नसलेला तुलनेचा गट नव्हता, हा तिच्यावरचा रास्त आक्षेप. संशोधकांना तो ठाऊक होता, म्हणून त्यांनी वर्षाच्या शेवटी एक हुशार पाऊल उचलले. गुण आलेल्या ४६ जणांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे निवडले आणि त्यांची यंत्रे आठवडाभर बंद केली. त्यांचा सरासरी एएचआय ७.६ वरून २५.८ वर उडाला. ज्यांची यंत्रे चालू होती त्यांचा जवळपास होता तेथेच राहिला. सुधारणा काळाच्या ओघात आपोआप झालेली नव्हती, ती वीज करत होती, हे या एका आठवड्याने पटले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला मंजुरी दिली. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही बहुसंख्यांचा गुण टिकलेला होता. सुमारे सहा टक्के रुग्णांना तार किंवा डबी बदलण्यासाठी, सरकवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले होते. सुरुवातीच्या काळात जीभ दुखणे, दातांवर घासून सोलवटणे, विजेचा त्रास जाणवणे आणि काही आठवडे जीभ अशक्त वाटणे हे परिणाम बऱ्याच जणांनी सांगितले. बहुतेक मात्रा बदलून किंवा काळाने गेले.

तरी हे यंत्र सर्वांसाठी नाही, आणि कोणासाठी नाही हे ठरवणे त्यातले सर्वांत मोलाचे काम आहे. रुग्णाला औषधाने झोपवून, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा नेमका कोठे आणि कसा मिटतो ते पाहतात. जीभ मागे पडून वाट बंद होत असेल तर यंत्राचा उपयोग आहे. मऊ टाळूच्या पातळीवर घसा चारी बाजूंनी, नाडीची पिशवी आवळावी तसा मिटत असेल, तर जीभ कितीही पुढे काढली तरी वाट उघडत नाही. पहिल्या मंजुरीत असे रुग्ण वगळलेलेच होते. एएचआय २० ते ६५ हीही मर्यादा होती. ‘स्टार’मध्ये शरीरभार निर्देशांक ३२ च्या आत असण्याची अट होती. अनुभव वाढला तशा या सीमा सैल झाल्या. २०२३ मध्ये एएचआय शंभरपर्यंत आणि शरीरभार निर्देशांक चाळीसपर्यंत अमेरिकेत मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी डाउन सिंड्रोम असलेल्या १३ ते १८ वयाच्या मुलांनाही. या मुलांची जीभ सैल आणि जबडा लहान असतो, मास्क त्यांना सहन होत नाही. त्यांच्यासाठी ही मुभा अत्यंत मोलाची आहे. लठ्ठपणा फार असेल तर मात्र घशाच्या भोवतालचीच चरबी एवढी असते, की एका स्नायूचे बळ अपुरे पडते.

याच तत्त्वावर वेगळ्या बांधणीची यंत्रेही आली. बेल्जियमच्या नायक्सोआ कंपनीच्या जिनिओ यंत्रात शरीरात बॅटरी नसतेच. हनुवटीखाली बसवलेला छोटा तुकडा दोन्ही बाजूंच्या चेतांना एकदम स्पर्श करतो आणि त्याला ऊर्जा मिळते ती झोपताना हनुवटीखाली चिकटवायच्या पट्टीतून. युरोपात ते २०१९ पासून आहे, अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाले. लिव्हानोव्हा कंपनीच्या यंत्रात श्वास ओळखणारा संवेदक नाही. चेतेभोवतीचे सहा इलेक्ट्रोड आळीपाळीने वीज देत राहतात, म्हणजे एक स्नायू-गट दमला की दुसरा काम करतो. ज्या रुग्णांत अडथळा घशाचा नसून मेंदूच श्वासाची आज्ञा देणे विसरतो, तो विकार वेगळा, त्याचे यंत्रही वेगळे : २०१७ मध्ये मंजूर झालेले रेमेडे छातीच्या पडद्याच्या चेतेला उत्तेजित करते. टाळूच्या पातळीवर मिटणाऱ्या घशासाठी सध्या मानेतल्या अन्सा सर्व्हायकॅलिस या चेतेवर संशोधन चालू आहे. तिच्या उत्तेजनाने श्वासनलिका खाली ओढली जाते आणि सैल झालेली बाही मनगटाकडे ओढून ताठ करावी तशी घशाची भिंत ताणली जाते. जीभ पुढे काढणे आणि भिंत ताणणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, तर आज नाकारल्या जाणाऱ्या अनेकांना दार उघडेल.

भारतात या यंत्राचा विचार करताना दोन गोष्टी आड येतात. पहिली खर्चाची. अमेरिकेत यंत्र आणि शस्त्रक्रिया मिळून खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि तो बहुधा विमा उचलतो. येथे सीपॅपचे हजारो रुपयेही बहुतेक घरांना स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, आणि ट्रकचालकाच्या घरी तो प्रश्न मुलांच्या शाळेच्या फीशी जोडलेला असतो. दुसरी गोष्ट निदानाची, आणि ती अधिक मुळाशी आहे. कोट्यवधी रुग्णांपैकी झोपेची तपासणी झालेले फार थोडे. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत झोपेवर अनेक वर्षे संशोधन चालते, महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांत प्रयोगशाळा आहेत. पण रात्रभर मशीन लावून झोपायला महामार्गावरचा चालक तेथपर्यंत जात नाही. त्याच्या निदानासाठी हलकी साधने पुरतात. घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलेला असणे, रक्तदाब, शरीरभार, वय, मानेचा घेर आणि लिंग अशा आठ प्रश्नांची स्टॉप-बँग प्रश्नावली कोणताही डॉक्टर दोन मिनिटांत भरून घेऊ शकतो. मानेचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. संशय बळावला तर बोटाला प्राणवायूमापक, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून घरच्या अंथरुणावर एक रात्र नोंद घेता येते. मुंबईच्या पाहणीनेही हेच केले होते.

दक्षिण आशियाई लोकांत लहान जबड्यामुळे आणि पोटाभोवतीच्या चरबीमुळे हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावरही दिसतो. म्हणून थोडे वजन उतरवणेही येथे उपचाराचा महत्त्वाचा भाग ठरते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारे औषध लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मंजूर केले. मधुमेह व लठ्ठपणासाठी ते मार्च २०२५ पासून भारतातही मिळते. कुशीवर झोपणे, रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळणे याने सौम्य विकार बऱ्यापैकी आटोक्यात येतो. जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची कवळीसारखी पट्टी दंतवैद्य बसवतात. तिचे काम चेता-उत्तेजनाशी बरेच मिळतेजुळते असते, फक्त ती जिभेऐवजी जबडा ओढते. हे सारे करून, सीपॅप प्रामाणिकपणे वापरून पाहून, तरीही ज्याची रात्र सुटत नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करायचा.

बसवलेले यंत्र मग आयुष्यभराचे नाते होते. वर्षातून किमान एकदा तपासणी, गरज पडल्यास पुन्हा एक रात्र प्रयोगशाळेत, वजन वाढले किंवा उतरले तर मात्रेत बदल. एमआरआय काढायचा झाला तर यंत्राची पिढी कोणती, त्यावर परवानगी अवलंबून असते. नव्या रचनेत ठरावीक अटींवर ते चालते, जुन्यात मर्यादा आहेत. म्हणून रुग्णाने यंत्राचे ओळखपत्र नेहमी खिशात ठेवायचे असते. बॅटरी साधारण अकरा वर्षे चालते. ती संपत आली की छातीवरचा जुना छेद पुन्हा उघडून डबी बदलतात. चेतेभोवतीची पट्टी आणि तिची तार चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना हात लावत नाहीत, नवी डबी त्याच तारेला जोडतात आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा सुरू करतात.